बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे आणि हौशी हवामान निरीक्षक : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

सारांश : बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या चक्रीवादळांचा माग आज अनेक हौशी निरीक्षक आंतरजालाच्या साहाय्याने एकत्रितपणे घेतात. किनाऱ्यावर वादळाचा जोर ओसरला की ही उत्सुकता बहुधा संपते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांसाठी मात्र खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. सप्टेंबर २०२१ मधील 'गुलाब' चक्रीवादळाच्या आधारे या धोक्याचे स्वरूप आणि हौशी निरीक्षकांचे स्थान प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : चक्रीवादळ, कमी दाबाचे क्षेत्र, हौशी निरीक्षण, पर्जन्यमापन, मांजरा खोरे.

प्रस्तावना :
नांदेड व लातूर हे जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. त्यामुळे चक्रीवादळ हा विषय कोकणाचा किंवा आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याचा आहे, असा समज आपल्याकडे सर्वसाधारणपणे आढळतो. मराठवाड्याची ओळख दुष्काळी प्रदेश अशीच आहे आणि ती निराधार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, कारण शहराची तहान भागविणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. त्यानंतर साधारण साडेपाच वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, त्याच मांजरा धरणाचे १८ दरवाजे उघडावे लागले. हे पाणी ज्या प्रणालीने आणले, ती दोनच दिवसांपूर्वी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर 'गुलाब' या नावाने धडकली होती.

गेल्या काही वर्षांत उपग्रहांची छायाचित्रे आणि संगणकीय प्रारूपांचे नकाशे सामान्य माणसाच्या मोबाइलवर आले आहेत. उपसागरात वादळाची नुसती शक्यता दिसली तरी शेतकरी, विद्यार्थी व शिक्षक त्याविषयी परस्परांना कळवू लागतात. ही जागरूकता स्वागतार्ह आहे. परंतु तिचा उपयोग कशासाठी व्हावा, याचा विचार होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :
१) चक्रीवादळाचे वर्गीकरण व नामकरण समजून घेणे.
२) 'गुलाब' चक्रीवादळाचा नांदेड-लातूर परिसरावरील परिणाम व त्याची कारणे स्पष्ट करणे.
३) हौशी निरीक्षकांच्या कार्याचे महत्त्व व मर्यादा तपासणे.

१. वादळाचे नाव आणि त्याचा अर्थ :
समुद्रावर हवेचा दाब कमी झाला की भोवतालची हवा त्या दिशेने वाहू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. भारतीय हवामान विभाग या प्रणालीचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून करतो. वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असल्यास तिला डिप्रेशन म्हणतात, तर ५० ते ६१ किलोमीटर असल्यास तीव्र डिप्रेशन. वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की तिला चक्रीवादळ म्हटले जाते आणि तेव्हाच नाव दिले जाते. उत्तर हिंदी महासागरात ही नामकरणाची पद्धत २००४ पासून अमलात आली. 'गुलाब' हे नाव पाकिस्तानने सुचविलेले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे वर्गीकरण वाऱ्याचे आहे, पावसाचे नव्हे. वादळ जमिनीवर आले की समुद्राच्या उबदार पाण्यापासून मिळणारी ऊर्जा तुटते, घर्षण वाढते आणि वाऱ्याचा वेग घटतो. त्याबरोबर त्याची श्रेणी उतरते व नावही व्यवहारातून मागे पडते. परंतु प्रणालीने वाहून आणलेली आर्द्रता लगेच नाहीशी होत नाही. म्हणून 'वादळ संपले' या बातमीचा अर्थ किनाऱ्यावर एक असतो आणि मराठवाड्यात दुसरा.

२. 'गुलाब' चक्रीवादळाचा अनुभव :
'गुलाब' हे वर्गीकरणानुसार सर्वांत खालच्या श्रेणीतील चक्रीवादळ होते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी सायंकाळी ते आंध्र प्रदेशाच्या उत्तर भागात कलिंगपट्टणमनजीक किनाऱ्यावर आले. नकाशा पाहिल्यास कलिंगपट्टणम व लातूर ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, म्हणजे सुमारे १८.४ अंश उत्तरेवर, असल्याचे दिसते. त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. किनाऱ्यावर आल्यानंतर ही प्रणाली क्षीण होत तेलंगणा, विदर्भ व मराठवाडा असा प्रवास करीत पश्चिमेकडे सरकली. २७ व २८ सप्टेंबर या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पुढे हीच अवशिष्ट प्रणाली अरबी समुद्रात पोहोचली, पुन्हा बळावली आणि 'शाहीन' या नव्या नावाने ३ ऑक्टोबर रोजी ओमानच्या किनाऱ्यावर धडकली. दोन नावांच्या मधल्या काळात, जेव्हा या प्रणालीला कोणतेच नाव नव्हते, तेव्हा ती आपल्या शेतांवरून गेली.

या दोन दिवसांत लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत नदीकाठी अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी बोटींबरोबर हेलिकॉप्टरचीही मदत घ्यावी लागली. नांदेडच्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागाव येथे पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे जाणारी राज्य परिवहन महामंडळाची बस नाल्यात वाहून गेली व मनुष्यहानी झाली. हा काळ सोयाबीनच्या काढणीचा असतो. काही पीक उभे, काही कापून शेतात पसरलेले, तर काही बनीम लावून राशीची वाट पाहत असते. या अवस्थेत दोन दिवसांचा पाऊसही वर्षाचे उत्पन्न हिरावून नेऊ शकतो. पारंपरिक पंचांगानुसार २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो. हस्ताचा पाऊस रब्बी ज्वारीसाठी हवाहवासा असतो. परंतु त्याच पंधरवड्यात उपसागरातील प्रणालीही पश्चिमेकडे येऊ शकतात.

अतिवृष्टीचे एक कारण प्रणालीच्या रचनेत आहे. पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीचा सर्वाधिक पाऊस बहुधा तिच्या मार्गाच्या डाव्या, म्हणजे नैर्ऋत्य भागात पडतो. प्रणाली तेलंगणा-विदर्भाच्या वाटेने जात असेल तर लातूर परिसर नेमका याच भागात येतो. दुसरे कारण नद्यांच्या रचनेत आहे. मांजरा नदी बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि तेरणा, तावरजा, घरणी इत्यादी नद्यांचे पाणी घेत पुढे गोदावरीस मिळते. पाऊस एकाच वेळी संपूर्ण खोऱ्यात पडल्यास सर्व नद्या एकदम भरतात आणि धरणे आधीच भरलेली असल्यास विसर्ग वाढविण्यावाचून पर्याय राहत नाही.

पाण्याचे परिमाण कळण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १० कोटी लिटर पाणी जमते. २०१६ मध्ये लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे अशा २०० फेऱ्यांचे पाणी एकाच चौरस किलोमीटरवर एका दिवसात पडू शकते.

३. हौशी निरीक्षणाची परंपरा :
हौशी माणसांनी एकत्रितपणे वादळाचा माग घेणे ही गोष्ट आंतरजालापेक्षा जुनी आहे. 'सायक्लोन' हा शब्दच अशा एका अभ्यासकाने रूढ केला. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन हा पूर्वी जहाजावर काम केलेला गृहस्थ होता; हवामानशास्त्र हा त्याचा व्यवसाय नव्हता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जमवून, त्यांतील वाऱ्याची दिशा व वायुदाब एकत्र मांडून त्याने वादळाची चक्राकार रचना अभ्यासली आणि १८४८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय हवामान विभागाची स्थापना त्यानंतर, १८७५ मध्ये झाली.

आधुनिक काळात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचे उदाहरण उद्बोधक आहे. जुलै १९९७ मध्ये फोर्ट कॉलिन्स शहरात पूर आला, तेव्हा एकाच शहराच्या दोन भागांतील पावसात प्रचंड तफावत असल्याचे आढळले. त्यातून १९९८ मध्ये घरोघरी पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. आपल्या देशात तमिळनाडूतील प्रदीप जॉन हे हौशी निरीक्षक २०१५ चा चेन्नईचा पूर व २०१६ चे 'वरदा' चक्रीवादळ या काळात जनसामान्यांत परिचित झाले. केरळमध्ये मीनाचिल नदीच्या खोऱ्यात नागरिक व विद्यार्थी पाऊस व नदीची पातळी मोजतात. मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे अंदाज मोबाइलच्या माध्यमातून असंख्य शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात. त्यांच्या पद्धतीविषयी मतभेद आहेत. त्यांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. मात्र आपल्या भाषेत, आपल्या पिकाविषयी बोलणाऱ्या माहितीची भूक किती मोठी आहे, हे यातून निश्चितच दिसते.

४. एकत्रित मागोवा : सामर्थ्य व मर्यादा :
हौशी निरीक्षकांच्या गटात कामाची विभागणी आपोआप होते. कोणी 'इन्सॅट' उपग्रहाची छायाचित्रे पाहतो, कोणी युरोपीय व अमेरिकी प्रारूपांची तुलना करतो, तर कोणी आपल्या गावातील वारा, ढग व पाऊस कळवितो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी हवामान विभागाकडे अधिक चांगल्या प्रमाणात असतात. तिसरी गोष्ट मात्र गावातल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला सहजी मिळत नाही.

याचे तांत्रिक कारण आहे. हैदराबादचे रडार नांदेड व लातूरपासून सुमारे २३० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतक्या अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळे त्याखालील ढगांचा पाऊस निसटू शकतो. राज्यात 'महावेध' प्रकल्पांतर्गत दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, ही मोठी सुधारणा होय. तरीही एका मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस शिवारागणिक बदलतो. नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी ठरविताना मंडळातील २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद निर्णायक मानली जात आली आहे. त्यामुळे गावातील तारीखवार नोंदी या केवळ छंद राहत नाहीत. केंद्रावरील नोंद व प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक दाखविण्याचे ते एक साधन ठरते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रारूपे दिवसातून अनेक वेळा नव्याने चालविली जातात. आठ-दहा दिवस आधी एखाद्या प्रारूपात दिसणारे वादळ दुसऱ्याच दिवशीच्या नकाशातून नाहीसे होऊ शकते. अशा एकाच नकाशाचे चित्र तारीख-वेळेशिवाय पुढे पाठविले गेले, तर शेतकरी घाईने कच्चे पीक कापतो किंवा पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर विश्वास ठेवीत नाही. दोन्ही प्रकारे नुकसान त्याचेच होते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी खोटा इशारा देऊन घबराट पसरविणे हा शिक्षेस पात्र अपराध आहे, याचेही भान असावे.

५. नांदेड-लातूरसाठी उपयुक्त कार्यपद्धती :
हवामान विभाग चक्रीवादळाविषयी चार टप्प्यांत सूचना देतो : सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा आणि वादळ किनाऱ्यावर येण्यापूर्वी किमान १२ तास आधी 'किनारा ओलांडल्यानंतरची संभाव्य स्थिती'. पहिले तीन टप्पे प्रामुख्याने किनाऱ्यासाठी असतात. चौथ्या टप्प्यात प्रणाली जमिनीवर कोणत्या दिशेने जाईल व आतील जिल्ह्यांत काय होऊ शकेल, हे सांगितलेले असते. आपल्या भागातील निरीक्षकांनी सर्वाधिक लक्ष या चौथ्या सूचनेकडे आणि त्यानंतरच्या जिल्हानिहाय पिवळ्या, नारिंगी व लाल इशाऱ्यांकडे द्यावयास हवे.

वाऱ्याचे साधे निरीक्षणही बोलके असते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र साधारणतः आपल्या डाव्या हाताला असते. प्रणाली आपल्या उत्तरेकडून पश्चिमेस जात असेल तर वारा प्रथम वायव्येकडून, नंतर पश्चिमेकडून व शेवटी नैर्ऋत्येकडून वाहू लागतो.

पर्जन्यमापक घरीही चालविता येतो. सरळ कडांचे, सपाट तळाचे भांडे झाडे व भिंतींपासून दूर ठेवून दररोज सकाळी ८.३० वाजता पाण्याची उंची मोजावी, नोंद करावी व भांडे रिकामे करावे. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या काठच्या गावांतील विद्यार्थ्यांकडे हे काम सोपवावे. वरच्या गावातील पावसाची नोंद खालच्या गावास वेळेवर कळाली, तर नदीकाठची जनावरे सोडविण्यास, विद्युतपंप काढण्यास व पाण्याखालील पुलावरून जाणे टाळण्यास काही तास मिळू शकतात. मात्र धरणाच्या विसर्गाविषयी केवळ प्रशासनाची अधिकृत सूचनाच पुढे पाठवावी.

निष्कर्ष :
१) चक्रीवादळाचे नाव वाऱ्याच्या वेगाशी निगडित आहे, नाव संपले म्हणजे पावसाचा धोका संपला असे होत नाही.
२) नांदेड व लातूर जिल्ह्यांसाठी उपसागरातील वादळ वारा म्हणून नव्हे, तर पाणी म्हणून येते; म्हणून ते किनाऱ्यावर आल्यानंतरचे दोन दिवस अधिक महत्त्वाचे ठरतात.
३) हौशी निरीक्षकांचे खरे बळ अंदाज वर्तविण्यात नसून स्थानिक नोंदी ठेवण्यात व अधिकृत इशारा आपल्या बोलीत गावापर्यंत पोहोचविण्यात आहे.
४) प्रत्येक नोंदीसोबत ठिकाण, तारीख व वेळ असणे आणि अंदाज व निरीक्षण यांत स्पष्ट भेद राखणे, ही या कार्याची किमान शिस्त होय.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव परिसरात अतिवृष्टीने झालेली हानी ध्यानात घेता हा विषय केवळ चक्रीवादळापुरता मर्यादित नाही, हे स्पष्ट होते. दुष्काळाने पाण्याचा थेंब मोजावयास शिकविलेल्या या प्रदेशाने आता पडणारा पाऊसही तितक्याच काळजीने मोजणे ही काळाची गरज आहे.