फोनमधली दवंडी

गावात काही कळवायचे असले, की कोतवाल दवंडी पिटत असे. सारा गाव ती ऐके. दवंडी कोणाची, हे सर्वांना ठाऊक असे. पटली नाही, तर माणसे पारावर बसून तिच्यावर बोलत.

आता फोन घरोघर आला. तो टिंग करून वाजतो. पडद्यावर दोन ओळी दिसतात. याला नोटिफिकेशन म्हणतात. म्हणजे सूचना. ही सुद्धा दवंडीच बरं का! पण ती एकेकाच्या हातात वाजते. शेजाऱ्याला काय सांगितले, ते आपल्याला कळतेच असे नाही.

पुष्कळ सूचना कामाच्या असतात. बँकेत पैसे जमा झाले, उद्या पाऊस येणार, हे लगेच कळते. पण कधी कधी कंपन्या फोनमधून राजकारणही करतात. ते कसे? अमेरिकेतल्या दोन शहरांची हकिकत ऐका.

उबर नावाची एक कंपनी आहे. फोनवरून बोलावले, की तिची मोटार दारात येते. मुंबई-पुण्यातही ही सोय आहे. फोनमध्ये त्यासाठी जे साधन असते, त्याला ॲप म्हणतात.

२०१५ सालची गोष्ट. न्यूयॉर्क शहरात अशा मोटारी फार वाढल्या. तेव्हा बिल द ब्लाझिओ हे महापौर होते. मोटारींच्या वाढीला काही काळ लगाम घालावा, असे त्यांच्या मनात होते. कंपनीला ते नको होते. जुलै महिन्यात तिने आपल्या ॲपमध्ये महापौरांच्या नावाचे एक बटण बसवले. ते दाबले की दिसे, "मोटार यायला २५ मिनिटे लागतील," किंवा "मोटारच नाही." जणू सांगत होते, नियम झाला तर तुमचे असे हाल होतील! तिथूनच महापौरांना आणि नगरसेवकांना तक्रार पाठवायची सोय होती.

ही २५ मिनिटे खरी होती का? नाही. ते कंपनीने रंगवलेले चित्र होते. जोडीला टीव्हीवर जाहिरातीही होत्या. थोड्याच दिवसांत महापालिकेने तो बेत सोडला.

पुढे काय झाले? तीन वर्षांत ॲपवरच्या मोटारी सुमारे ८० हजार झाल्या. ड्रायव्हरांना पोट भरणे कठीण झाले. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये महापालिकेने नवे परवाने एक वर्ष थांबवले. ड्रायव्हरांची किमान कमाईही ठरवायला लावली.

आता दुसरे शहर. टेक्सास राज्यातले ऑस्टिन. तिथल्या नगरसभेने नियम केला, की ड्रायव्हरांच्या बोटांचे ठसे तपासावेत. उबर आणि लिफ्ट या दोन कंपन्यांना तो नको होता. प्रश्न लोकांच्या मतावर गेला. कंपन्यांनी ८० लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. लोकांच्या फोनवर मेसेजमागून मेसेज आले. तरी ७ मे २०१६ रोजी शंभरातल्या ५६ जणांनी कंपन्यांच्या विरुद्ध मत दिले. दोनच दिवसांत दोन्ही कंपन्यांनी तिथले काम बंद केले. पण २०१७ साली राज्याने कायदा करून शहराचा तो अधिकारच काढून घेतला. मग कंपन्या परत आल्या.

म्हणजे मत देऊन काम संपत नाही. पुढेही जागे राहावे लागते.

कंपनीने आपली बाजू मांडू नये, असे नाही. तो तिचा हक्क आहे. पण एका शहरातल्या लाखो लोकांच्या खिशात जिची दवंडी वाजते, तिची ताकद मोठी. नगरसेवकाला घरोघर जावे लागते. कंपनीला घरातून उठावेही लागत नाही.

तेव्हा असा मेसेज आला, तर घाईने बटण दाबू नका. आधी तीन गोष्टी विचारा. हा कोणी पाठवला? यात त्याचा फायदा काय? दुसरी बाजू काय आहे? ती दुसरी बाजू शेजाऱ्याला विचारा, ग्रामसभेत विचारा. नको असलेल्या सूचना फोनमधून बंदही करता येतात. घरातल्या शिकल्या मुलीला सांगा, ती दाखवील.

दवंडी कोणीही पिटो. मत आपले आहे. ते चार जणांत बोलून, आपल्या अकलेने द्यावे.