आठवड्याच्या तीन फेऱ्या

डायलिसिसच्या हॉलमध्ये शिरल्यावर रुग्ण आधी वजनकाट्यावर उभा राहतो. मागच्या वेळी उठताना भरलेले वजन आणि आजचे वजन यांतला फरक म्हणजे मधल्या दोन दिवसांत अंगात साठलेले पाणी. तेवढे पाणी आता मशीनने काढायचे. मग हातावरच्या फिश्चुलात दोन जाड सुया टोचल्या जातात आणि पुढचे चार तास हात न हलवता पडून राहायचे. शेजारी दुसरा पलंग, त्याच्यापलीकडे तिसरा. सुया काढल्यावर कापसाचा बोळा दाबून धरत थोडा वेळ बसायचे, पुन्हा काट्यावर उभे राहायचे, आणि रक्तदाब खाली आलेल्या अवस्थेत घरची वाट धरायची. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ट्रस्टच्या सेंटरांत आणि खासगी रुग्णालयांत हे रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळ्यांमध्ये चालते. प्रत्येक रुग्णाच्या आठवड्याला तीन फेऱ्या, आणि खर्च झेपत नसेल तर दोन. अशा माणसाला मार्च 2020 मध्ये सांगितले गेले की घरात राहा, कुणाच्या जवळ जाऊ नका. 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या, 25 पासून देशभर टाळेबंदी लागली. मूत्रपिंडाच्या रुग्णांना करोनाचा धोका जास्त, हे तेव्हापासून आपण सगळेच ऐकत आलो. ‘त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते’ एवढे म्हणून आपण तो विषय मिटवतो. मला वाटते, त्यामुळे धोक्याचा निम्मा भाग नजरेआड होतो. तो भाग विषाणूने आणलेला नव्हता. धडधाकट मूत्रपिंडांचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून आपण जे सरसकट नियम केले, त्यांतून तो आला.

आधी शरीराचा भाग पाहू, कारण तो खरा आहे आणि त्याला कमी लेखून चालणार नाही. मूत्रपिंडे रक्त गाळायची थांबली की जी घाण रक्तात साचते, तिच्यामुळे पांढऱ्या पेशी मंदावतात. विषाणू आत शिरला तर ओळख पटायला आणि प्रतिकार उभा राहायला उशीर होतो. यातले बहुतेक रुग्ण आधीपासूनच मधुमेह किंवा रक्तदाबाचे असतात आणि हृदयावर ताण असतोच. मूत्रपिंड बदललेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. इंग्लंडमधल्या 1 कोटी 70 लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासणारा ‘ओपनसेफली’ हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. वय, मधुमेह, लठ्ठपणा असे घटक हिशेबात धरूनही, ज्यांची गाळणक्षमता 30 च्या खाली गेली होती त्यांना करोनाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे अडीच पट निघाला. क्षमता 30 ते 60 मध्ये असणाऱ्यांचाही धोका वाढलेलाच होता, सुमारे एक तृतीयांशाने. हा दुसरा आकडा मला जास्त काळजीचा वाटतो. गाळणक्षमता पन्नासवर आलेल्या माणसाला काहीही दुखत नाही, तो रोज सकाळी लोकल पकडतो. क्रिएटिनिन कधी तपासलेच नसेल तर आपण जोखमीच्या यादीत आहोत हे त्याला कळणार कसे?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही माणसे मुळात आजारी होती, आज ना उद्या जाणारच होती, करोना फक्त निमित्त झाला. मे 2025 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात करोनाची चाचणी पॉझिटिव्ह आलेले दोन रुग्ण दगावले. एकाला कर्करोग होता, दुसऱ्याला मूत्रपिंडाचा विकार. मृत्यू मूळ आजारांमुळे झाल्याचे रुग्णालयाने स्पष्ट केले. एखाद्या रुग्णाबाबत डॉक्टर असा निर्णय देऊ शकतात, कारण त्याची सगळी कागदपत्रे त्यांच्यासमोर असतात. पण त्यावरून सगळ्या मूत्रपिंडरुग्णांविषयी निष्कर्ष काढायचा तर मोजणी लागते, आणि ती झालेली आहे. युरोपातल्या मूत्रपिंडरुग्णांच्या नोंदवहीने पहिल्या लाटेतल्या बाधितांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण करोनापूर्व काळातल्या रुग्णांशी केली. डायलिसिसवरचे आणि मूत्रपिंड बदललेले, अशा दोन्ही गटांत पाचांतल्या जवळपास एका बाधिताचा मृत्यू 28 दिवसांत केवळ करोनाच्या खात्यावर जमा झाला. मूळ आजाराने जे गेले असते ते यातून आधीच वजा केले होते. डायलिसिसवर माणसे वर्षानुवर्षे जगतात, नोकरी करतात, मुलांची लग्ने लावतात. ‘जाणारच होते’ हा शब्दप्रयोग त्या वर्षांना किंमत देत नाही.

आता धोक्याच्या दुसऱ्या भागाकडे येतो. डायलिसिस चुकले की रक्तातले पोटॅशियम चढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पाणी फुप्फुसांत उतरते आणि दम लागतो. हा दम करोनाच्या दमासारखाच दिसतो, छातीच्या एक्स-रेवरही गफलत होऊ शकते. म्हणजे टाळेबंदीत डायलिसिस चुकल्यामुळे धाप लागलेला माणूस दारात आला की त्याच्याकडे आधी निगेटिव्ह रिपोर्ट मागितला जाई, आणि रिपोर्ट येईपर्यंत ज्या उपचाराने धाप थांबली असती तोच लांबणीवर पडे. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांतल्या हालांची मोजदाद देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांतल्या नेफ्रॉलॉजिस्टांनी केली. तिथे नियमित डायलिसिस घेणाऱ्या 2,517 रुग्णांपैकी 710 जणांचे एक किंवा अधिक डायलिसिस चुकले, 69 जणांना तातडीने मशीनवर घ्यावे लागले आणि 104 जणांनी येणेच बंद केले. राजस्थानात सरकारी विमा योजनेतल्या डायलिसिस रुग्णांचा अभ्यास झाला. मार्च ते मे 2020 या काळात त्यांच्यातले मृत्यूंचे प्रमाण 64 टक्क्यांनी वाढले होते. हे मृत्यू करोनाने झाले म्हणावे तर त्या रुग्णांत लागण तेव्हा फारच थोडी होती. वाहन मिळाले नाही, रुग्णालयाने घेतले नाही, औषध मिळाले नाही, असेच धागे मृत्यूंशी जुळले. स्त्रिया, गरीब आणि दूर राहणारे यांची स्थिती सगळ्यात वाईट होती.

‘दूर राहणारे’ हा शब्द उपनगरातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मुलुंडच्या माणसाचे सेंटर घाटकोपरला असले तर एरवी तो पाचवे स्टेशन म्हणून उतरतो. घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्याला मेट्रो आहे. 2020 च्या उन्हाळ्यात यातले काहीच नव्हते. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल 15 जूनला सुरू झाल्या, मेट्रो 19 ऑक्टोबरला. त्यातच जूनमध्ये साथीचा जोर उत्तरेकडे सरकला आणि बोरिवली, दहिसर, मालाड, कांदिवली, भांडुप, मुलुंड या पट्ट्यासाठी महापालिकेला ‘मिशन झिरो’ हाती घ्यावे लागले. इमारती सील होत होत्या. सील केलेल्या इमारतीतून आठवड्याला तीनदा बाहेर पडणारा माणूस शेजाऱ्यांना संशयित वाटायचा, आणि सेंटरला तो सील केलेल्या इमारतीतून आलेला म्हणून संशयित.

सेंटरांनी दारे लावून घेतली यात निव्वळ निष्ठुरपणा होता, असे मी म्हणणार नाही. बंद वातानुकूलित हॉलमध्ये एक बाधित रुग्ण चार तास झोपला, तर त्याच्या पाळीतले सगळे आणि तंत्रज्ञही धोक्यात येतात. तंत्रज्ञ विलगीकरणात गेले की सगळ्याच रुग्णांच्या पाळ्या कोलमडतात. दहा जणांना वाचवायला एकाला परत पाठवणे व्यवस्थापकाला त्या क्षणी योग्य वाटू शकते. पण प्रत्येक सेंटरने आपापल्या दहांचा असा विचार केला, की परत पाठवलेला एकजण शहरभर हिंडतो आणि त्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. हा पेच एका सेंटरला सुटणारा नव्हता, शहरालाच सुटणार होता. मुंबईने तो सोडवायला घेतला हे मला फार मोलाचे वाटते. नेफ्रॉलॉजिस्ट डॉ. विश्वनाथ बिल्ला आणि त्यांचे सहकारी, पवईच्या आयआयटीतले प्रा. संतोष नरोन्हा आणि महापालिका यांच्या मेळातून बाधित डायलिसिस रुग्णांसाठी शहरभराचा एकच डॅशबोर्ड उभा राहिला. ‘प्रोजेक्ट व्हिक्टरी’ हे त्याचे नाव. कुठल्या ठिकाणी बाधितांसाठी मशीन आणि वेळ मोकळी आहे हे एका जागी दिसू लागले आणि रुग्णाला तिथली पाळी देता येऊ लागली. मशीन शहरात होतीच. कुणाचे मशीन किती वाजता रिकामे आहे, ही माहिती एकत्र नव्हती.

नियमांसारखीच घरातल्या सरसकट सल्ल्यांचीही गोष्ट. त्या काळात ‘गरम पाणी पीत राहा’, ‘दिवसातून दोनदा काढा घ्या’ हे घराघरांत पोचले होते. लघवी जवळजवळ थांबलेल्या माणसाला दिवसाचे पाणी पेल्याने मोजून दिलेले असते. त्याच्या अंगात काढ्याचा प्रत्येक पेला पुढच्या डायलिसिसपर्यंत साठून राहतो. ताप आलेल्याला भेटायला जाताना आपण कोपऱ्यावरून दोन शहाळी घेतो. त्यात माया असते, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, मोसंबीच्या रसातही. डायलिसिस चुकलेल्या रुग्णाला तेच शहाळे जिवावर बेतू शकते. अंगदुखीवर केमिस्टकडून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अर्धवट चालणाऱ्या मूत्रपिंडाचे उरलेसुरले बळही घालवू शकते. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, एवढे जरी घरच्यांना माहीत असले तरी बरेच टळते.

लशीच्या वेळी हीच चूक सरकारी पातळीवर झाली. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना आणि ठरावीक आजार असलेल्या 45 ते 59 वयाच्या लोकांना लस मिळू लागली. आजारांच्या यादीत डायलिसिसवरचे आणि मूत्रपिंड बदललेले रुग्ण होते. मात्र वयाची अट सुटली नाही. बत्तिशीतल्या डायलिसिस रुग्णाला 1 मे पर्यंत थांबावे लागले, आणि मुंबईत दुसऱ्या लाटेचा कळस, एका दिवसात 11,163 नवे रुग्ण, 4 एप्रिलला येऊन गेला होता. लसच कमी होती आणि वय हाच सगळ्यात मोठा धोका होता, हे समर्थन वजनदार आहे. पण डायलिसिसवरचे तरुण रुग्ण संख्येने थोडे, त्यांची नावे-पत्ते सेंटरकडे, आणि ते आठवड्याला तीनदा ठरलेल्या वेळी एका जागी चार तास असतात. लसीकरणासाठी इतका सोपा गट दुसरा सापडला नसता. शिवाय लस घेऊनही त्यांचे संरक्षण इतरांइतके होत नाही. अमेरिकेत अवयव बदललेल्या 658 जणांची 2021 मध्ये तपासणी झाली तेव्हा दोन मात्रांनंतरही प्रतिपिंडे सापडली ती केवळ 54 टक्क्यांत. म्हणून त्यांच्या घरच्यांनी आणि तंत्रज्ञांनी लस घेणे हा त्यांच्याच उपचाराचा भाग ठरतो.

आता करोना सौम्य झाला, मग हे उगाळायचे कशाला, असे कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी जागतिक आणीबाणी उठवली, आणि बहुतेकांसाठी तो आता सर्दी-तापाचा आजार आहे. पण ‘बहुतेकांसाठी’ या शब्दानेच सगळा घोळ केला होता. डायलिसिसच्या हॉलमध्ये खोकणाऱ्याने आजही मास्क लावावा, खेळती हवा असावी, ताप आला तर घरी लपून न बसता आधी सेंटरला फोन करून वेगळी पाळी मागावी, आणि सेंटरने ती द्यावी. डायलिसिस मात्र चुकवू नये. मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. आणि तो डॅशबोर्ड साथीपुरता नसावा, असे मला मनापासून वाटते. अंधेरीचा के पूर्व, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी, अशा प्रत्येक वॉर्डात कोण कुठल्या दिवशी मशीनवर असतो आणि जवळ कुठे जागा आहे, हे महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला कायम दिसायला हवे. जुलैमध्ये कुर्ल्याला रुळांवर पाणी चढते आणि गाड्या जागच्या जागी थांबतात. त्या दिवशी शीवच्या सेंटरला निघालेला मुलुंडचा रुग्ण भांडुपलाच अडकतो, आणि त्याची चार तासांची पाळी रिकाम्या पलंगाशेजारी तशीच संपते.