नांगर शेतातला असो की बोटीचा, मासिक नेमकं कुणासाठी निघतं?

पुण्यातून बालेवाडी, म्हाळुंगे मागे टाकलं की मुळशी तालुक्यातली नांदे आणि चांदे ही गावं लागतात. नावं इतकी जुळणारी की लोक ती जोडीनंच घेतात. एकीकडे हिंजवडीच्या आयटी पार्कचा पसारा, तर दुसरीकडे भाताची खाचरं.

समजा, चांद्यातल्या एका घरात गेली तीस वर्षं शेतीचं एक मासिक येतंय. वर्गणी आजोबांनी सुरू केली, वडिलांनी चालू ठेवली. घरची जमीन दोन एकर, पीक भाताचं आणि दावणीला दोन म्हशी. या महिन्याचा अंक उघडला तर मुखपृष्ठावर ड्रॅगन फ्रूट, आत पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची आणि मधल्या पानावर फवारणीचा ड्रोन. भातावर करपा आला तर काय करायचं, हे मात्र शोधावं लागतं.

मग प्रश्न पडतो, हे मासिक अजून आपलं राहिलंय का?

गंमत म्हणजे हाच प्रश्न शेतीपासून फार लांब असलेल्या, होड्यांची मासिकं वाचणाऱ्या लोकांनाही पडतो. मराठीत 'नांगर' या एकाच शब्दात जमीन उकरणारं अवजार आणि बोट थांबवणारं लोखंड, अशा दोन्ही गोष्टी येतात. मासिकांच्या बाबतीतही या दोन नांगरांची कहाणी बरीचशी सारखीच आहे.

बोटीचं मासिक आणि साधा बोटवाला

इंग्लंडमध्ये बोटींच्या मासिकांना मोठी परंपरा आहे. 'यॉटिंग मंथली' तर १९०६ पासून निघतंय. पण १९६७ साली तिथं एक वेगळं मासिक आलं, 'प्रॅक्टिकल बोट ओनर'. त्याचे पहिले संपादक होते डेनी डिसूटर. मासिकाचा वाचक ठरलेला होता. लहान बोट असलेला, खिसा बेताचा असलेला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं डागडुजी करणारा साधा माणूस. बोटीच्या बुडाला रंग कसा द्यायचा, गळती कशी शोधायची, इंजिन बंद पडलं तर आधी काय तपासायचं, असा त्याचा मजकूर.

अमेरिकेतल्या मेन राज्यात १९७४ साली जॉन विल्सन यांनी 'वुडनबोट' सुरू केलं. तेव्हा बाजार फायबरच्या बोटींनी भरला होता आणि लाकडी बोटी मागे पडत होत्या. या मासिकानं नेमक्या त्याच मागे पडलेल्या लोकांना धरलं.

म्हणजे अशी मासिकं वाचकाची एक ठरावीक गरज हेरून सुरू होतात. वाद सुरू होतो तो वीस-तीस वर्षांनी. जुना वाचक म्हणतो, आता अंकात माझ्या बोटीसारखी बोटच दिसत नाही. माझी बोट वीस फुटी, सेकंडहँड. अंकात मात्र चाळीस फुटी नव्या कोऱ्या बोटींची परीक्षणं आणि महागडी उपकरणं. आणि जे साधं असतं, ते मी दहा वेळा वाचलेलं असतं.

या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पैशाची आणि दुसरी वयाची.

पैसे नेमके देतं कोण?

मासिकाला पैसे दोन वाटांनी मिळतात. एक म्हणजे वर्गणी किंवा अंकाची किंमत, ती वाचक देतो. दुसरी म्हणजे जाहिरात, ती कंपनी देते. कागद, छपाई, टपाल आणि पगार हे सगळं निव्वळ वर्गणीवर भागवणं अवघड असतं, म्हणून जाहिरात लागते.

आता कंपनीच्या जागी बसून बघा. तिला असा वाचक हवा असतो जो उद्या काहीतरी विकत घेईल. ज्याची बोट पंधरा वर्षांपूर्वीच घेऊन झालीय आणि जो ती घरीच दुरुस्त करतो, तो वाचक तिच्या फारसा कामाचा नाही. जो घरचं बियाणं राखतो आणि शेणखत वापरतो, तो शेतकरीही नाही.

म्हणजे सगळ्यात निष्ठावान वाचक हाच जाहिरातदाराच्या दृष्टीनं सगळ्यात कमी किमतीचा ठरतो. यात कुणाचा कट असतो असं नाही. संपादक कितीही प्रामाणिक असला तरी पानं हळूहळू नव्या, महाग आणि विकाऊ गोष्टींकडे झुकत जातात.

नांगराच्या जाहिरातीतून जन्मलेलं मासिक

याचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण तर थेट नांगरापाशीच जातं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो खपेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा समज शेतकऱ्यांत होता. पुढं औंध संस्थानच्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना वाढला, पण माल खपवायचा तर लोकांपर्यंत पोहोचायला हवं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजेच 'शंवाकि', हे जाहिरातीचं काम बघायचे. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. नावाप्रमाणंच ती कारखान्याची खबर होती. कोणता माल निघाला, तो कसा वापरायचा, कारखान्यात काय चाललंय.

म्हणजे इथं मासिकाच्या पोटी जाहिरात नव्हती, जाहिरातीच्या पोटी मासिक जन्मलं होतं.

पण झालं उलटंच. शंवाकि मुळात चित्रकार आणि लेखक वृत्तीचे. अंकात हळूहळू कथा आल्या, चित्रं आली, समाजसुधारणेवरचे लेख आले. नावातलं 'खबर' गळून पडलं आणि फक्त 'किर्लोस्कर' उरलं. पुढं सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेखही तिथं छापून आले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याची जागा महाराष्ट्रातल्या शिकलेल्या मध्यमवर्गानं घेतली.

ज्याला नांगराची माहिती हवी होती, त्याच्या दृष्टीनं हे मासिक 'बिघडलं'. मराठी वाचनाच्या दृष्टीनं मात्र ते मोठं झालं. एकाच बदलाची ही दोन खरी वर्णनं आहेत.

यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. एकाच अंकात सगळ्यांना कोंबण्याऐवजी किर्लोस्करांनी वेगळ्या वाचकांसाठी वेगळी मासिकं काढली. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर'. पुढं १९८० च्या दशकात 'स्त्री'चं संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी तिथून बाहेर पडल्यावर १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. एक चौकट अपुरी पडली की दुसरी उभी करायची, हा मार्ग मराठीत नवा नाही.

जुन्या वाचकाला तेच तेच का वाटतं?

आता तक्रारीचा दुसरा भाग, वयाचा.

शेतीचं मासिक दर जूनला बीजप्रक्रियेवर लेख छापणार. बोटीचं मासिक थंडी संपली की बूड रंगवण्यावर लेख छापणार. ज्यानं यंदा पहिल्यांदाच वर्गणी भरली, त्याला हा लेख हवाच असतो. ज्यानं तीस वर्षं भरली, त्याला तो पाठ असतो.

इथं मासिक घसरलेलं नसतं, वाचक पुढं गेलेला असतो. म्हणून 'पूर्वी अंक चांगला यायचा' या वाक्याची अर्धी उजळणी करून बघावी. पूर्वी अंक चांगला होता की पूर्वी आपल्याला कमी माहीत होतं?

यशोगाथेतला हिशेब

शेतीत मात्र हा विषय आवडीनिवडीवर थांबत नाही. बोटवाल्याला अंक पटला नाही तर त्याची एक संध्याकाळ वाया जाते. शेतकऱ्यानं चुकीच्या लेखावर विश्वास ठेवला तर कर्ज होतं.

आकडे बघा. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडची सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. शेतीच्या मासिकाचा 'साधा वाचक' पंचेचाळीस वर्षांत एक तृतीयांशापेक्षाही लहान झाला.

आता त्या वाचकासमोर यशोगाथा ठेवा. अमुक शेतकऱ्यानं एकरात लाखो रुपये कमावले. फोटो छान, आकडा मोठा. पण सुरुवातीचं भांडवल कुठून आलं, पाणी बारमाही होतं का, घरात कुणाचा पगार येत होता का, आणि तोच प्रयोग करून बुडालेले किती, हे लेखात बहुतेकदा नसतं. जो बुडाला त्याच्या बांधावर फोटो काढायला सहसा कुणी जात नाही. त्यामुळे वाचकाला फक्त जिंकलेलेच दिसतात आणि जिंकणं सोपं वाटू लागतं.

मग साध्या वाचकाच्या कामाचा मजकूर कसा असतो?

मुळशीच्या भाताचंच उदाहरण घेऊ. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली 'चारसूत्री' भात लागवड महाराष्ट्रातल्या भातपट्ट्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. तिची चार सूत्रं अशी आहेत.

पहिलं, भाताचं जे उरतं ते भातालाच परत द्यायचं. तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा नांगरटीच्या वेळी खाचरात गाडायचा. दुसरं, बांधावर गिरिपुष्प लावायचं आणि त्याचा हिरवा पाला चिखलणीआधी खाचरात घालायचा. तिसरं, लावणी अंदाजानं न करता दोरीवर करायची. २५ आणि १५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर आणि एका चुडात दोन-तीनच रोपं. चौथं, खत फेकून द्यायचं नाही. युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरला ६२,५०० ब्रिकेट लागतात, म्हणजे साधारण १७० किलो खत.

फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, हवेत उडून जातो. खोल खोचलेली ब्रिकेट मुळांजवळ सावकाश विरघळते. खत कमी लागतं आणि ते रोपालाच मिळतं.

यात नवी खरेदी जवळपास फक्त ब्रिकेटची. राख, पेंढा, पाला आणि दोरी हे सगळं घरचंच. मापं दिलेली आहेत, कारण सांगितलेलं आहे आणि दोन एकरवालाही आधी एका खाचरात करून बघू शकतो. चांद्यातल्या आपल्या घराला हवा असतो तो असा मजकूर. मात्र त्यातून विकायला फारसं काही निघत नाही, म्हणून त्याच्या शेजारच्या पानावर मोठी जाहिरातही मिळत नाही.

वाचकही तोच राहिलेला नाही

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे बघायला हवी. चांद्यातलं ते घरही तीस वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही. अशा घरातला मुलगा हिंजवडीत नोकरीला जातो. थोडी जमीन विकलेली असते, नाहीतर विकावी का यावर घरात चर्चा चालू असते. भात पिकतो तो मुख्यतः घरी खायला. त्याला आता करप्याच्या औषधाइतकीच सातबारा, वारसनोंद आणि भाडेकराराची माहिती लागते. वर्गणी चालू ठेवणाऱ्या वडिलांची गरज एक आणि मुलाची दुसरी.

शिवाय तातडीचं उत्तर आता मासिकाकडून कुणी मागत नाही. किसान कॉल सेंटर २००४ साली सुरू झालं, त्याच्या १८००-१८०-१५५१ या नंबरवर मराठीत विचारता येतं. 'सकाळ'चं 'ॲग्रोवन' हे शेतीचं दैनिक २००५ साली आलं. त्यानंतर यूट्यूब आणि व्हॉट्सॲप आलं. बाजारभाव, पाऊस आणि कीड यांची बातमी महिन्यानं देऊन उपयोग नाही.

मग महिन्याच्या अंकाकडे उरतं काय? पडताळून घेतलेली माहिती, खाली जबाबदार माणसाचं नाव आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढून वाचता येईल असा कागद. फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हिडिओत या तिन्ही गोष्टी क्वचितच मिळतात.

वर्गणी भरायची की बंद करायची?

हे ठरवायला रागाची गरज नाही. गेल्या वर्षीचे बारा अंक घेऊन बसा आणि चार गोष्टी मोजा.

एक, नवीन काही विकत न घेता आपल्याला करून बघता येतील असे लेख किती? दोन, यशोगाथांपैकी किती जणींत खर्च, कर्ज आणि फसलेला टप्पा लिहिलाय? तीन, जाहिरात आणि लेख वेगळे ओळखू येतात का? चार, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का, की फक्त कौतुकाची पत्रं छापतात?

उत्तरं चांगली आली तर मासिक अजून कामाचं आहे, जरी मुखपृष्ठावर ड्रॅगन फ्रूट असलं तरी. नाही आली तर वर्गणी थांबवण्याआधी एक पोस्टकार्ड किंवा ईमेल टाकावा. दोन एकर भातवाल्यासाठी पुढच्या अंकात काय आहे, एवढंच विचारावं. जाहिरातदार आपलं म्हणणं संपादकाला दर महिन्याला ऐकवतच असतो. जुना वाचक बहुतेकदा काही न बोलता निघून जातो आणि तो का गेला, हे मासिकाला कधी कळतच नाही.