रमजानात जन्मला, पण कोणत्या ऋतूत?

शाळा प्रवेशाच्या दिवसांत राजापेठेत आम्ही शिक्षक मंडळी जन्मतारीख विचारतो, तेव्हा एखादी दादी अजूनही सांगते, "रमजानचा आहे, सर." जुन्या पिढीतली रमजान, शाबान, रज्जब ही नावेही अशीच पडली. पण चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. १९९२ मध्ये तो मार्चात सुरू झाला, २०१६ मध्ये जूनमध्ये आणि २०२५ मध्ये पुन्हा मार्चात. साल ठाऊक नसेल, तर नुसत्या महिन्यावरून ऋतू कळत नाही.

जन्मांना मात्र ऋतू असतो. आपल्या देशात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पाळणे जास्त हलतात. नऊ महिने मागे मोजा, थंडीचे दिवस येतात. कडक उन्हाळ्यात गर्भधारणा कमी होते. अन्नाचाही यात वाटा आहे. वऱ्हाडच्या १८८१ ते १९८० या शंभर वर्षांच्या लोकसंख्येचा अभ्यास टिम डायसन यांनी केला आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात उपाशी घरांत मृत्यू वाढले आणि त्यापाठोपाठ जन्मही घटले.

आता चित्र बदलते आहे. कुटुंबे मुलांमधले अंतर ठरवतात, कमावते पुरुष बाहेरगावी असतात, सिझेरियनचा दिवस आधीच ठरतो. ऋतूची पकड सैल झाली आहे.

जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात तर वेगळाच हंगाम दिसतो. कितीतरी मुले १ जून किंवा १ जुलैची! तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहीत. तो हंगाम लेखणीचा होता, पाळण्याचा नव्हे. त्या तारखेवरच पुढे नोकरी आणि निवृत्ती ठरली.

आज अशा अंदाजावर भागत नाही. १९६९ च्या कायद्याच्या नियमांनुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदार यादी, पासपोर्ट यांसाठी जन्मदाखलाच पुरावा आहे. उशिराच्या नोंदींचे नियम राज्याने २०२५ मध्ये आणखी कडक केले.

सातव्या दिवशी अकीका करतो, नाव ठेवतो. त्याच आठवड्यात अब्बांनी नोंदणी कार्यालयातही जावे. दाखल्यावरचे बाळाचे, अम्मीचे नाव आणि तारीख तिथेच वाचून पाहावी. दहावीच्या अर्जाच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा ते सोपे.