बर्फाची सावड

2025 च्या 4 फेब्रुवारीला होक्काइदोतल्या ओबिहिरो शहरात बारा तासांत सुमारे 120 सेंटिमीटर बर्फ पडला आणि जपानमधला आजवरचा विक्रम मोडला. अशा बातम्यांसोबत ठरलेली छायाचित्रं येतात: छपरावर फावडं घेऊन उभी असलेली माणसं, खाली अंगणात राबणारे शेजारी. त्यांच्याखाली शिस्त, संस्कार, एकोपा असे शब्द आपण सहज लिहून जातो. या शब्दांमुळे मूळ व्यवहार झाकला जातो. बर्फाळ गावांतला एकोपा श्रमांच्या चोख देवाणघेवाणीवर उभा होता. ती फेड आता थांबत चालली आहे आणि त्यापायी माणसं मरत आहेत.

सैबेरियातून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरची वाफ पिऊन डोंगरांना धडकतात, म्हणून निइगाता, यामागाता, नागानोच्या डोंगराळ पट्ट्यात माणसं बुडतील एवढा बर्फ साचतो. दबून घट्ट झालेला एक घनमीटर बर्फ 300 किलोच्या आसपास भरतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्याचा मीटरभर थर म्हणजे 30 टन ओझं. ते वेळीच उतरवलं नाही तर वासे मोडतात. निइगातात या कामाला ‘युकीहोरी’, म्हणजे बर्फ खणणं म्हणतात. शिओझावाच्या सुझुकी बोकुशी यांनी 1837 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘होकुएत्सु सेप्पू’ या ग्रंथात हा शब्द आणि बीच झाडाच्या लाकडाचं फावडं, दोन्ही नोंदवून ठेवली आहेत. एका घराला न झेपणारं असं काम ‘युई’ या रीतीने होई. ही आपली सावडच: आज तुझ्या छपरावर माझे दोन हात, उद्या माझ्या छपरावर तुझे. कोणी कोणाचं मिंधं नाही.

पण सावडीला फेडणारे हात लागतात. तरुण शहरांत गेले, मागे सत्तरी-ऐंशीतली माणसं उरली. ज्याला परतफेड जमणार नाही तो मागायला संकोचतो आणि एकटाच शिडी लावतो. 2005-06 च्या हिवाळ्यात बर्फाने 152 बळी घेतले. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश बर्फ काढताना गेले आणि जवळपास दोन-तृतीयांश पासष्टीपुढचे होते. छपरावरून पडणं, वरून सरकलेल्या बर्फाखाली गाडलं जाणं, थंडीत जोर लावताना हृदय थांबणं ही मरणाची कारणं. शेजारी माणूस असता तर यांतले बरेच जण वाचले असते, असं मानायला पुरेशी जागा आहे.

यंत्रं आहेत की, असं कोणी म्हणेल. पण नांगरयंत्र रस्ता साफ करतं आणि जाताना घराच्या दारापुढे घट्ट ढिगाऱ्यांची रांग सोडून जातं. निइगातातल्या नागाओका शहरात 1961 मध्ये रस्त्यावर भूजल शिंपडून बर्फ वितळवणारे नळ आले, पण पाणी अतोनात उपसल्याने मिनामीउओनुमासारख्या भागात जमीन खचली. तापवणारी छपरं आहेत, पण पुढचे किती हिवाळे आपले हे माहीत नसलेली म्हातारी बाई तेवढा खर्च कशी करील? रस्त्याकडेच्या पाण्याच्या चरांत बर्फ लोटायचीही सोय आहे, पण तिथे प्रत्येक वस्तीने आपापली वेळ पाळावी लागते. सगळ्यांनी एकदम बर्फ टाकला की चर तुंबतो आणि पाणी घरांत शिरतं. म्हणजे यंत्रणा आणली तरी माणसांचं आपसांत जमावं लागतंच.

म्हणूनच नागाओका तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक सेइजी कामिमुरा यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. हे यांत्रिकी अभियांत्रिकीचे अध्यापक. 2006 च्या त्या हिवाळ्यानंतर त्यांनी ‘एचिगो युकीकाकी दोजो’, म्हणजे बर्फ काढण्याचा आखाडा उभा केला. बाहेरून आलेल्यांना तिथे फावडं कसं धरायचं, बर्फ कसा कापायचा, धोका कुठे दबा धरून असतो ते शिकवतात आणि शिकवायला असतात गावचेच जाणते लोक. यातली खरी अक्कल इथे आहे. ज्याच्या घरचा बर्फ निघतो तो याचक राहत नाही, गुरुजी होतो. अंगात जोर उरला नाही, पण साठ हिवाळ्यांचं शहाणपण उरलं आहे, आणि ते देऊन त्याची फेड होते. नुसते स्वयंसेवक पाठवून हे साधलं नसतं. उपकाराच्या ओझ्याने दार बंदच राहिलं असतं.

अर्थात पाहुणे शनिवार-रविवारी येतात आणि बर्फ वार पाहून पडत नाही. मग अशी गावं सोडूनच का देऊ नयेत, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अंगाने रास्त दिसतो. पण ओसाड घराच्या छपरावरही बर्फ साचतोच, मग ते घर शेजारच्या घरावर किंवा वाटेवर कोसळतं, आणि एकेक कुटुंब निघून जाताना उरलेल्यांच्या वाट्याचं ओझं वाढत जातं. नागानोतल्या साकाए गावाचं उत्तर मला जास्त पटतं. तिथल्या मोरिमियानोहारा स्थानकावर 12 फेब्रुवारी 1945 ला 7.85 मीटर बर्फ मोजला गेला होता. या गावाने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातच बर्फ-साहाय्यक नेमले: गावातलीच धडधाकट माणसं, हिवाळ्यापुरती पगारी, वृद्धांच्या छपरांसाठी. पैशाने एकोपा नासतो, असा यावर आक्षेप येईल. पण जिथे फेडणं अशक्य झालं आहे तिथे फेड सगळ्या गावाने मिळून उचलायची, तर पगार हाच सरळ मार्ग. पूर्वी या पट्ट्यातले पुरुष याच महिन्यांत घरची छपरं बायकांवर सोपवून तोक्योच्या बांधकामांवर मजुरीला जात. साकाएत ती मजुरी शेजाऱ्याच्या छपरावर मिळते.