आडनावाचे वाचन : दिल्लीतील रोजगारभेदाचे अर्थशास्त्रीय संशोधन

शिक्षण सारखे, अनुभव सारखा, तरीही एका उमेदवाराला नोकरी मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. या भेदाचा पद्धतशीर विचार अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांच्या १९५७ सालच्या ग्रंथापासून सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्यासमोर अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगारांचा प्रश्न होता. त्यापूर्वी एकवीस वर्षे, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे प्रतिपादन केले होते. अर्थशास्त्राच्या इतिहासग्रंथांत या प्रतिपादनाची नोंद क्वचितच आढळते. जात आणि वंश या दोन कोटी एक नव्हेत, हेही आंबेडकरांनीच आग्रहाने सांगितले आहे. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने त्यांतील महत्त्वाचा फरक असा की, वर्ण कातडीवर दिसतो, जात दिसत नाही. मग नियोक्त्याला ती कळते कशी? बहुतेक वेळा आडनावावरून. दिल्लीत गेल्या काही दशकांत झालेले रोजगारभेदाचे संशोधन म्हणूनच वाचनाच्या एका क्रियेवर उभे आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष देण्याचे कारणही तेच आहे.

जुनी पद्धत वेगळी होती. बिस्वजित बॅनर्जी आणि जे. बी. नाइट यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाचा आधार १९७५-७६ मध्ये दिल्लीतील स्थलांतरित कामगारांची केलेली पाहणी हा होता. एकाच कामासाठी कमी वेतन मिळणे यापेक्षा चांगल्या कामात प्रवेशच न मिळणे हा भेदभावाचा अधिक मोठा भाग आहे, असे त्यांना आढळले. कामे ओळखीपाळखीने मिळतात, आणि ओळखी जातीच्या कडेने चालतात. एस. माधेस्वरन आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा की, समान पात्रतेच्या इतरांच्या तुलनेत शहरी पगारदारांतील अनुसूचित जाती-जमातींचे वेतन भेदभावामुळे सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहते. या पद्धतीत शिक्षण, वय, अनुभव यांचा हिशेब वजा केल्यावर जी तफावत उरते, तिला भेदभाव म्हटले जाते. पण ही उरलेली तफावत मुकी असते. तिच्यात शाळेचा दर्जा लपलेला असू शकतो, भाषा लपलेली असू शकते. भेदभाव कोणी, कोणत्या क्षणी केला, हे ती सांगत नाही.

त्या क्षणापर्यंत पोचण्याचा प्रयत्न अर्ज-प्रयोगाने केला. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी बॉस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले होते. श्वेतवर्णीयांत रूढ असलेली नावे धारण करणाऱ्या अर्जांना कृष्णवर्णीयांत रूढ असलेल्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली, असे त्यांच्या २००४ च्या लेखात नोंदले आहे. भारतात याच धर्तीचा प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी केला. अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून पुढे येऊन जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००३ मध्ये नवी दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय दलित अध्ययन संस्थेच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. या प्रयोगात ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी दैनिकांतील खाजगी क्षेत्राच्या जाहिराती गोळा करण्यात आल्या. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. पात्रता सारखी ठेवून एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू, दुसऱ्यावर दलित आणि तिसऱ्यावर मुस्लिम नाव घातलेले होते. अर्जात जात वा धर्म कोठेही लिहिलेला नव्हता. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढील फेरीचे बोलावणे येण्याचे शक्यता-गुणोत्तर ०.६७, तर मुस्लिम नावाला ०.३३ इतके आढळले. हे आकडे संभाव्यतेचे नसून दोन शक्यतांच्या प्रमाणाचे आहेत. ‘दलिताला ६७ टक्केच संधी’ असा त्यांचा अर्थ लावणे चुकीचे ठरते.

या आकड्यांमागे एक गृहीत आहे. अर्ज चाळणारी व्यक्ती आडनाव ‘बरोबर’ वाचते, हे ते गृहीत. उत्तर भारताच्या संदर्भात ते बऱ्याच अंशी टिकते. मराठी मुलखात ते डळमळते. जाधव, गायकवाड, मोरे, पवार ही आडनावे मराठा कुटुंबांत आहेत तशी बौद्ध कुटुंबांतही आहेत. खुद्द थोरात हे आडनावही दोन्हींकडे आढळते. गावाच्या नावापुढे ‘कर’ लागून झालेली आडनावे तर अनेक जातींत पसरलेली आहेत. उलट प्रवासाचे उदाहरण ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनात आहे. उत्तरेत ज्या आडनावाने सफाईकामाशी जोडलेली जात तत्काळ उघड होते, तेच आडनाव अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत नोकरी करताना एका मराठी ब्राह्मण कुटुंबाला ब्राह्मणाचे वाटले. अक्षरे तीच राहिली, वाचणारा समाज बदलला. आडनाव ही जातीची खूण असते ती एखाद्या भाषिक प्रदेशाच्या वाचनपरंपरेतच, ही बाब अर्थशास्त्राच्या सारणीत मावत नाही. तौलनिक अभ्यासकाला मात्र ती परिचयाची आहे.

दिल्लीतीलच दुसरा प्रयोग या चित्रात गुंतागुंत आणतो. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी दिल्ली परिसरातील ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक आढळला नाही. कॉल सेंटरमध्ये मात्र इतर मागासवर्गीय नावांना, आणि त्याहून कमी प्रमाणात अनुसूचित जातींच्या नावांना, बोलावणी कमी आली. मुस्लिम नावांबाबत फरक दिसला नाही. हा निष्कर्ष थोरात-अटेवेल यांचे खंडन म्हणून पुढे केला जातो, ते घाईचे आहे. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याचे कौशल्य प्रमाणपत्रावरून बरेचसे कळते. दूरध्वनीवर बोलणाऱ्याचे ‘वळण’ कागदावरून कळत नाही, म्हणून तेथे आडनावाकडून अंदाज बांधला जात असावा. जेथे मूल्यमापन सैल, तेथे नाव अधिक बोलते, असा या दोन प्रयोगांचा एकत्रित अर्थ लावणे अधिक सयुक्तिक होईल.

अर्जाच्या पुढचा टप्पा मुलाखतीचा. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील २५ मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी संवाद साधला. आपण केवळ गुणवत्ता पाहतो, असे व्यवस्थापक ठामपणे सांगत होते, आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे अगत्याचे आहे, असेही तेच सांगत होते. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर कोठे आहे. या दोन विधानांत त्यांना विसंगती वाटत नव्हती, हे या अभ्यासाचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण म्हणावे लागेल. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. आरक्षित व बिगरआरक्षित विद्यार्थ्यांच्या आकांक्षा जवळपास सारख्या होत्या, वेतनाच्या अपेक्षा मात्र सारख्या नव्हत्या. घरच्या पार्श्वभूमीचा प्रश्न एकाला गप्पांसारखा, तर दुसऱ्याला उलटतपासणीसारखा वाटत होता.

याच उलटतपासणीचे दीर्घ, सविस्तर उत्तर मराठी दलित आत्मकथनांनी दिले आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वडील, वस्ती, शाळा यांविषयी जे सांगते, ते मुलाखतीच्या खोलीत सांगता येत नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा नायक नोकरीसाठी परप्रांतात जातो आणि भाड्याची खोली मिळावी म्हणून जात दडवतो. अर्ज-प्रयोगात अशा माणसाला जागाच नाही, कारण तेथील काल्पनिक उमेदवार नाव बदलत नाही, निघून जात नाही आणि अर्ज न करण्याचा निर्णयही घेत नाही.

हे संशोधन घडले तो काळही ध्यानात घ्यावा लागतो. संविधानाच्या १६व्या अनुच्छेदातील आरक्षण राज्यसंस्थेच्या सेवांपुरते आहे. खाजगी क्षेत्रात सकारात्मक कृतीविषयी उद्योगांशी संवाद करण्याचे आश्वासन २००४ च्या किमान समान कार्यक्रमात होते, आणि २००६ मध्ये उद्योगसंघटनांनी ऐच्छिक उपायांचा मार्ग स्वीकारला. तेव्हा वादाचा मुद्दा हाच होता की, खाजगी क्षेत्रात भेदभाव होतो याचा पुरावा काय. थोरात आणि न्यूमन यांनी संपादित केलेला, २०१० मध्ये ऑक्सफर्डने प्रकाशित केलेला ग्रंथ त्याचे उत्तर आहे. महाराष्ट्रापुरता असाच पुरावा जमवायचा झाला तर पवार वा जाधव या नावाने पाठवलेल्या अर्जातून काहीच मोजता येणार नाही. तेथे अर्ज चाळणारा आडनावापाशी अडखळेल आणि दुसरा प्रश्न विचारेल, ‘गाव कोणतं?’ मोजमापाची सुरुवात त्या प्रश्नापासून करावी लागेल.