जुनिपर आणि उजेड : घरात व घराबाहेर

लडाखमध्ये लेहच्या पश्चिमेस हेमिस शुकपाचन नावाचे एक गाव आहे. ‘शुकपा’ हे जुनिपरचे तिकडील नाव; गावालगत असलेल्या जुनिपरच्या जुन्या राईवरूनच गावाचे नाव पडले. तेथील लोक ती राई पवित्र मानतात. या वृक्षाच्या डहाळ्यांचा धूप लडाख व लाहूल या प्रदेशांतील मठांतून व घरांतून जाळला जातो. पाऊस अत्यल्प, माती खडकाळ, हिवाळा कडक आणि हवा विरळ, अशा या प्रदेशात दुसरे वृक्ष क्वचितच तग धरतात. जुनिपरला तेथे एका गोष्टीची मात्र वाण पडत नाही, आणि ती म्हणजे सूर्यप्रकाश.

जुनिपर हा सूचिपर्णी वृक्षांचा एक वंश असून त्याच्या सुमारे ६० ते ७० जाती आहेत. आयुर्वेदातील ‘हपुषा’ हे द्रव्य सामान्यतः याच वंशातील एका जातीचे फळ समजले जाते. आग्नेय तिबेटात एक जाती ४,९०० मीटर उंचीपर्यंत वृक्षरूपाने वाढते. उत्तर गोलार्धातील सर्वांत उंच वृक्षसीमा म्हणून तिची नोंद झालेली आहे. याउलट पूर्व आफ्रिकेतील एक जाती विषुववृत्ताच्या दोहों बाजूंच्या पहाडांवर आढळते. त्या ठिकाणी दिवसाची लांबी वर्षभर जवळजवळ सारखीच असते आणि हिमालयासारखा हिवाळाही नसतो. थंडी, पाऊस व उंची यांबाबत या जातींत इतका फरक असला, तरी बहुतेक सर्वांचा एक स्वभाव समान आहे. त्या उघड्या माळावर, कड्याकपारींत आणि विरळ झाडीत वाढतात. दाट अरण्याची सावली त्यांना मानवत नाही.

अशा वृक्षाचा वामनवृक्ष, म्हणजे बोन्साय, उथळ कुंडीत लावून शहरांतून विकला जातो. घेणारा तो हौसेने दिवाणखान्यातील मेजावर ठेवतो. दोन-तीन महिने झाड हिरवेगार दिसते आणि मग पाहता पाहता तपकिरी होऊन जाते. पाणी कमी पडले, जास्त झाले, खत चुकले, असे नाना तर्क केले जातात. खोली तर चांगली उजेडाची होती, हे सांगावयास कोणी विसरत नाही. खरा प्रश्न त्या उजेडाचाच असतो.

माणसाचा डोळा हे प्रकाश मोजण्याचे अत्यंत अविश्वसनीय साधन आहे. उजेड वाढला की बाहुली आकुंचन पावते, कमी झाला की विस्फारते; शिवाय डोळ्यातील ज्ञानपटलही आपली संवेदनशीलता बदलते. त्यामुळे अंगणातून खोलीत आलेल्या माणसास क्षणभर अंधारल्यासारखे होते आणि लगेच सर्व काही ठीक दिसू लागते. छायाचित्रकार मात्र अशा प्रकारे फसत नाही. कॅमेऱ्याचे भिंग तितकेच उघडे ठेवले, तर भर उन्हात ज्या चित्रास सेकंदाचा शतांश पुरतो, त्यास खोलीत चार-पाच सेकंद लागतात. प्रकाश मोजण्याच्या ‘लक्स’ या एककात सांगावयाचे, तर निरभ्र आकाशाखाली भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. अभ्राच्छादित दिवशीही उघड्यावर बहुधा १०,००० लक्स किंवा त्याहून अधिक मिळतो. दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत तो १०० ते ३०० लक्सच असतो. म्हणजे ज्या खोलीस आपण उजळ म्हणतो, तेथे झाडाच्या वाट्यास उन्हाच्या तीनशेव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी उजेड येतो.

केवळ कमी उजेड मिळतो एवढ्यानेच झाड मरते असे नव्हे. पाने प्रकाशाच्या साहाय्याने पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून शर्करा तयार करतात. हे प्रकाशसंश्लेषण होय. त्याच वेळी पाने, खोड आणि मुळे रात्रंदिवस श्वसन करीत असून त्यात ही शर्करा खर्च होत असते. उजेड कमी करीत गेल्यास एक मर्यादा अशी येते की पानाची मिळकत व खर्च सारखे होतात. या मर्यादेस समतोलबिंदू म्हणता येईल. उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांसाठी तो साधारणतः ५०० ते २,००० लक्सच्या दरम्यान असतो. संपूर्ण झाडासाठी तो आणखी वर सरकतो, कारण जे खोड व जी मुळे काही मिळवीत नाहीत, त्यांचाही खर्च पानांनाच भागवावा लागतो. दिवाणखान्यातील ३०० लक्स या मर्यादेच्या खाली आहेत. अशा ठिकाणी जुनिपर हळूहळू वाढत आहे असे समजणे चूक ठरेल; ते साठविलेली पुंजी मोडून खात असते. त्यातून खोली उबदार असली, तर श्वसन अधिक वेगाने चालते आणि पुंजी लवकर सरते.

पुंजी सरल्याचे लक्षण मात्र फार उशिरा दिसते. जुनिपरची पाने सुईसारखी किंवा खवल्यांसारखी बारीक, टणक व मेणचट आवरणाची असतात. तुळशीचे वा जास्वंदीचे पान माना टाकून आपली अवस्था सांगते, तसे ती करीत नाहीत. मुळे मेल्यावरही ही पाने कित्येक आठवडे हिरवी राहू शकतात. झाड आज तपकिरी दिसू लागले याचा अर्थ ते आज आजारी पडले असा नसून बरेच दिवसांपूर्वी संपले असा असतो. खरी अवस्था जाणावयाची असेल, तर डहाळीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा थर दिसला तर जीव आहे. कोरडा तपकिरी थर दिसला तर ती डहाळी गेलेली आहे. निरोगी झाडाच्या शेंड्यांवर ताजा, उजळ हिरवा रंग असतो, तो करडा पडू लागला की वेळीच सावध व्हावे.

पाण्यास दोष दिला जातो, तोही सर्वस्वी निराधार नाही. उजेड कमी असला की पानांतून बाष्प कमी बाहेर पडते आणि मुळे पाणी कमी शोषतात. बाहेर उन्हात जे पाणी एका दिवसात उडून गेले असते, ते घरात आठवडाभर कुंडीत साचून राहते व मुळे कुजतात. तेव्हा घातक ठरते ते पाणी, पण त्याचे मूळ पुन्हा उजेडाच्या अभावातच सापडते.

जुनिपरला सावली मुळीच चालत नाही काय? अमेरिकेतील मिसूरी राज्यात पानझडी अरण्याच्या छायेखाली वाढणाऱ्या तांबड्या जुनिपरचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी पेन्सिलींसाठी ज्याचे लाकूड मुबलक वापरले जाई, तीच ही जाती. वरच्या वृक्षांची पाने गळून गेली की हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, आणि हवा फार थंड नसेल अशा दिवसांत हे सदाहरित झाड त्या उन्हाचा उपयोग करून घेते, असे त्यात दिसून आले. म्हणजे सावलीत टिकून राहिलेले जुनिपरसुद्धा आपल्या भागाचे ऊन वर्षातून एकदा तरी वसूल करीत असते. दिवाणखान्याचे छप्पर मात्र कोणत्याही ऋतूत गळून पडत नाही.

खिडकीत ठेवल्यास काय होईल, असा प्रश्न साहजिकच येतो. स्वच्छ काचेतून बराचसा दृश्य प्रकाश आत येतो. दोष काचेचा नाही. उघड्यावरील झाडास चहूंकडचे आकाश मिळते, खिडकीतल्या झाडास फार तर अर्धे. वर सज्जा व समोर इमारत असली तर त्याहूनही कमी. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेल्यावर तर आकाशाचा एक तुकडाच दिसतो. परदेशी पुस्तकांतून दक्षिणेकडील खिडकीची शिफारस केलेली असते. लंडनमध्ये जूनच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवरच असल्याने तेथे ती योग्य आहे. मुंबई-पुण्यास मात्र साधारणतः मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. दिल्लीस जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत मध्यान्हीचे ऊन शिरतच नाही. डिसेंबरात सूर्य कलतो, तेव्हा ते आत येते. आपल्या देशात हा सल्ला जसाच्या तसा स्वीकारून चालणार नाही.

जपानमध्ये, जेथे वामनवृक्षांची ही कला परिपूर्णतेस पोहोचली, जुनिपर वर्षभर उघड्यावरच ठेवतात. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्सायकार शहर सोडून ओमिया येथे गेले व १९२५ साली तेथे त्यांची वसाहत उभी राहिली. मोकळी जागा व स्वच्छ हवा-पाणी ही त्यामागील कारणे होती. घरातील ‘तोकोनोमा’ या शोभेच्या कोनाड्यात झाड मांडतात ते पाहुण्यासारखे, थोड्या दिवसांपुरते. नंतर ते पुन्हा बाहेर जाते. वामनवृक्ष घरात ठेवण्याची वस्तू आहे ही समजूत विक्रेत्यांनी रूढ केली असावी.

गच्ची, अंगण किंवा सज्जा असलेल्या घरात या झाडास रोज निदान पाच-सहा तासांचे थेट ऊन मिळावे. सपाट मुलखातील एप्रिल-मेची दुपार हा तेवढा अपवाद. त्या वेळी उथळ कुंडी तापून मुळे भाजतात; पानांना त्या मानाने इजा कमी होते. म्हणून कुंडीवर सावली करावी, सकाळचे ऊन पूर्ण द्यावे, आणि झाड घरात मात्र नेऊ नये. कुंडी अधूनमधून फिरवावी. ज्या बाजूस ऊन लागत नाही तिकडची आतली पाने वाळतात, आणि जुनिपरच्या पर्णहीन जुन्या लाकडास सहसा पुन्हा पालवी फुटत नाही.

ज्यांच्यापाशी उघडी जागाच नाही, त्यांना हल्ली वनस्पतींसाठी मिळणाऱ्या प्रखर एल. ई. डी. दिव्यांचा आधार घेता येतो. पानांवर सुमारे २०,००० लक्स उजेड दिवसाचे चौदा-सोळा तास पडेल अशी व्यवस्था करावी लागते. त्यासाठी दिवा पानांच्या अगदी जवळ हवा. छताला टांगलेला दिवा निरुपयोगी. उजेड पडताळण्यास खिशातल्या मोबाइलमधील मापक अंदाजापुरता पुरेसा आहे. शीत प्रदेशातील जातींना हिवाळी विश्रांतीसाठी थंडीही लागते, ती दिवा देऊ शकत नाही.

घरात कोमेजू लागलेले झाड वाचवावयाचे असल्यास ते एकदम दुपारच्या उन्हात मांडू नये. अंधुक उजेडाला सरावलेली पाने त्यात करपतात. प्रथम चार-पाच दिवस उघड्यावर पण सावलीत, मग तासभर सकाळचे ऊन, आणि दोन-तीन आठवड्यांत क्रमाने पूर्ण ऊन द्यावे. या काळात खत देऊ नये, आणि माती वरून सुकल्यावाचून पाणीही घालू नये.